आधी बाईंचे हात

मुलांनी हात कसे धुवावेत हे बालवाडीत आम्ही रोज शिकवतो. भिंतीवर चित्रं असतात, गाणी असतात. १५ ऑक्टोबर हा २००८ पासून जगभर हात धुण्याचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी पाहुण्यांसमोर मुलं फेस काढून, बोटांत बोटं घालून चोळून दाखवतात आणि सगळे कौतुक करतात. शिकवणाऱ्या बाईंचे हात दिवसभरात केव्हा धुतले जातात, हे मात्र कोणी बघत नाही. मी ते बघायला लागले. त्यानंतर आमच्या बालवाडीत जे घडत गेलं ते लिहावंसं वाटलं, कारण या किनाऱ्यावर गावोगाव आमच्यासारख्याच बालवाड्या आणि अंगणवाड्या आहेत आणि तिथल्या बायकांच्या अडचणीही थोड्याफार फरकाने याच असणार.

आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी आहे. वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उंच माळरान, खाली बंदर. संस्थेच्या शाळेला जोडून बालवाडी आहे, छोटा गट आणि मोठा गट. शिकवायला बाई, मदतीला मावशी आणि देखरेख माझ्याकडे.

सुरुवात झाली ती एका पावसाळ्यात. श्रावणाच्या तोंडावर छोट्या गटातली मुलं एकामागून एक घरी राहायला लागली. ताप, तोंडात फोड, तळहात आणि तळपायांवर पुरळ. पालकांना आधी कांजिण्या वाटल्या. डॉक्टरांनी बघून सांगितलं, हा हात-पाय-तोंडाचा आजार. बहुतेक मुलं आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होतात, झालीही. पण त्या दिवसांत मुलाच्या तोंडात पेजेचा घोटसुद्धा जात नाही आणि आईचा जीव नुसता टांगणीला लागतो. हा विषाणू लाळेतून, शेंबडातून, फोडातल्या पाण्यातून आणि विष्ठेतून पसरतो. मूल बरं होऊन खेळायला लागलं तरी विष्ठेतून तो पुढे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणजे आजारी मुलाला घरी ठेवलं की काम भागलं, असं नाही. डॉक्टरांचं एक वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. ते म्हणाले, मुलं एकमेकांकडून आजार घेतात हे खरंच आहे, पण तुमच्या वर्गात असं एक माणूस आहे जे प्रत्येक मुलाला हात लावतं.

मी वर्गाच्या कोपऱ्यात बसून बघायला सुरुवात केली. बाईंना आधी सांगितलं होतं, तुमचं शिकवणं तपासत नाहीये, हातांचा रस्ता बघतेय. तो रस्ता असा होता. एका मुलीचं नाक पुसलं, रुमालाने. रुमाल कमरेला खोचला. त्याच हाताने मण्यांची पेटी उघडली, मणी वाटले. एकाची चड्डी ओली झाली होती, ती बदलली. त्याला उचलून जागेवर बसवताना त्याचा गाल थोपटला. तेवढ्यात दुसरीने डब्याचं झाकण उघडत नाही म्हणून डबा पुढे केला, तो उघडून दिला. आतली चपाती मोठी होती म्हणून तिचे तुकडे करून दिले. केस कानामागे सारले. पुन्हा एक नाक. या सगळ्यात आळस कुठे नव्हता, दुर्लक्षही नव्हतं. उलट प्रत्येक हालचाल कोणा ना कोणा मुलाच्या काळजीपोटी होती आणि एकही क्षण मोकळा नव्हता.

नंतर सगळ्याजणी एकत्र बसलो. मी हात धुण्याचं महत्त्व वगैरे काही बोलले नाही. ते त्यांना पाठ आहे. नखं, अंगठे, बोटांच्या बेचक्या, सगळं त्या मुलांकडून रोज करून घेतात. मी एवढंच विचारलं की तुम्हाला स्वतःला कुठे अडतं. मग एकेक बाहेर आलं. नळ इमारतीच्या मागे, संडासाच्या बाजूला. पावसात तिथपर्यंतच्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, जपून चालावं लागतं. साबण बाहेर ठेवला की कावळा उचलतो, म्हणून तो कपाटात. पुसायला एकच नॅपकिन, तो आषाढ-श्रावणात वाळत नाही, म्हणून मग पदर. एका बाईंची बोटं साबणाने फुटतात, मिठाचं पाणी लागलं तरी झोंबतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट मावशींनी सांगितली, "बाई, मी हात धुवक गेलंय तर पोरांका कोण बघतलो?" तीन-साडेतीन वर्षांची मुलं भरल्या वर्गात सोडून कोणतीही शहाणी बाई मागच्या नळावर जाणार नाही. तिने जाऊही नये.

या बोलण्यात एक गोष्ट निघाली, ती मला पुढे फार उपयोगी पडली. आमच्याकडे हात धुण्याची अतिशय पक्की सवय प्रत्येकीला आहे, ती म्हणजे मासे साफ केल्यानंतरची. बांगड्यांची पोटं काढून झाली की आधी आमसुलाच्या पाण्यात नाहीतर लिंबाच्या सालीने हात चोळायचे, मग साबण, मग हात नाकाशी नेऊन वास घ्यायचा. वास राहिला असेल तर पुन्हा साबण. तोपर्यंत तान्ह्याला घ्यायचं नाही, केसांना हात लावायचा नाही. हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही, त्याची तक्ते लावून आठवणही करून द्यावी लागत नाही. कारण माशाचा वास स्वतःच सांगतो की हात अजून स्वच्छ नाहीत. पुसलेल्या नाकाचा असा वास येत नाही. रुमालाने पुसलं की हात कोरडा दिसतो, आणि कोरडा दिसला की स्वच्छ वाटतो.

तेव्हा जे दिसत नाही ते एकदा दाखवायचं ठरवलं. हळदीत कुरक्युमिन नावाचा घटक असतो, तो अतिनील प्रकाशात हिरवट पिवळा चमकतो. दुकानदार नोटा तपासायला जो छोटा निळा दिवा वापरतात, तो आम्ही दुपारपुरता मागून आणला. खोबरेल तेलात चिमूटभर हळद कालवली, प्रत्येकीने ती हातांना चोळली आणि मग रोजच्यासारखे हात धुऊन आली. साहित्याच्या खोलीची खिडकी बंद करून दिवा लावला. तळहात बहुतेकींचे बरे निघाले होते. पण नखांच्या कडा, अंगठ्यांची मागची बाजू, बेचक्या आणि मनगटावर काकणांच्या खालचा पट्टा लख्ख चमकत होता. एकीने पुष्कराजाची अंगठी सरकवली तर खाली पूर्ण कडं उमटलेलं. नुसत्या पाण्याने धुऊन आलेल्या बाईंच्या हातांवर तर जवळजवळ सगळंच शिल्लक होतं. तेल पाण्याने जात नाही हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. हाताच्या कातडीवरही नैसर्गिक तेलाचा पातळ थर असतो आणि जंतू त्या थरात धरून राहतात, हे त्या दिवशी सांगायला मला शब्द कमी लागले. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. चोळताना तो थर सुटा होतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. म्हणून चोळणं महत्त्वाचं. पाणी गरम हवं असं नाही, गार पाण्यानेही तितकंच काम होतं.

त्याच दुपारी मोठ्या गटाच्या बाईंनी आपणहून एक गोष्ट केली. उजव्या हाताला ते हळदीचं तेल अगदी पुसट लावून त्यांनी मुलांबरोबर नेहमीसारखा थोडा वेळ काढला. मुलं घरी जायच्या आधी आम्ही तो दिवा वर्गभर फिरवला. दाराची कडी, पाण्याच्या पातेल्याचा काठ, मण्यांची पेटी, डब्यांची झाकणं, दोन-तीन मुलांचे गाल. मुलांना फार मजा वाटली, आपल्या गालावर बाईंचं बोट उमटलंय म्हणून. बाई मात्र गप्प झाल्या आणि मला त्यांची काळजी वाटली. कारण इथून पुढे अपराधी वाटायला लागतं, आणि अपराधी वाटणारा माणूस एकतर खचतो किंवा चिडून पाठ फिरवतो.

हे इतिहासात एकदा फार मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. व्हिएन्नाच्या सरकारी इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांच्या लक्षात आलं की शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हातांतूनच बाळंतरोग जातोय. एप्रिल १८४७ मध्ये त्यांच्या विभागात बाळंतिणींच्या मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांवर होतं. मे महिन्यात त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि जूनमध्ये ते २ टक्क्यांच्या आसपास आलं. इतका ढळढळीत पुरावा असूनही त्या काळातल्या बड्या बड्या डॉक्टरांनी तो मानला नाही. त्याला कारणं अनेक आहेत, जंतूंचा सिद्धान्त तेव्हा रुजलेला नव्हता. पण मला त्यातलं माणसांचं कारण जास्त जवळचं वाटतं. जो बरं करायला आला आहे त्याला तुझ्याच हाताने माणूस मेलं असं सांगितलं तर ते ऐकून घेणं सोपं नसतं. सेमेलवाइस पुढे पुढे विरोधकांना उघड पत्रांतून खुनी म्हणू लागले आणि दरी वाढतच गेली. म्हणून मी आमच्या बाईंना त्या दिवशीच सांगितलं की गालावरचं ते बोट तुमच्या मायेचं आहे, ते तसंच राहायला हवं. नळ लांब आहे ही चूक तुमची नाही, आणि नळ जवळ आणण्याचं काम माझं.

तर पहिलं काम नळाचं. आमच्या गावच्या सुताराने शाळेतल्या मोडक्या बाकांच्या फळ्यांतून दोन घडवंच्या केल्या, दोन्ही वर्गांसाठी. त्यावर तोटीचं स्टीलचं पिंप, खाली टब आणि टबाच्या बुडातून नळी भिंतीबाहेर केळीच्या आळ्यात. तोटी बाईंच्या कोपराच्या उंचीला. मुलांसाठी बाहेरच्या पडवीत ठेंगणी मोरी आधीपासून होती. ही मुद्दाम मोठ्यांच्या उंचीची. बाई तिथे उभ्या राहिल्या तर तोंड वर्गाकडे राहतं, हे बघून जागा ठरवली. हात धुताना मुलांकडे पाठ होणार नाही, एवढ्या एका गोष्टीने मावशींच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं.

पण पिंप भरायचं कोणी? सुरुवातीला ते मावशींवर आलं. विहिरीवरून कळशा आणून दोन पिंपं भरायची म्हणजे पाठीचा काटा ढिला होतो. मावशींच्या पाठीवर ओझं टाकून बाईंचे हात स्वच्छ होणार असतील तर ते मला मान्य नव्हतं. एका मुलाचे वडील नळजोडणीची कामं करतात, त्यांनी वरच्या टाकीवरून बारीक पाइप आत आणून दिला. साहित्याचे पैसे संस्थेने दिले, मजुरी त्यांनी घेतली नाही.

साबणाचं प्रकरण वाटलं होतं त्यापेक्षा लांबलं. वडी पावसाळी हवेत पाघळून लगदा होते आणि त्या लगद्याला हात लावायला कोणालाच नको वाटतं. आम्ही वडी कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून तोटीच्या वर टांगली. निथळते, कोरडी राहते, हातातून सटकत नाही, आणि आत असल्यामुळे कावळ्याचाही प्रश्न मिटला. एका बाईंचं म्हणणं होतं की जंतुनाशक लिहिलेला महाग साबण आणावा. मी विरोध केला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसान धरून १९ जंतुनाशक घटक घरगुती साबणांतून काढून टाकायला लावले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतात असं उत्पादकांना दाखवता आलं नव्हतं. वाचलेले पैसे आम्ही खोबरेल तेलात घातले. ज्यांची बोटं फुटत होती त्यांच्यासाठी तेलाची कुपी आता घडवंचीवरच असते. शाळा सुटली की हातांना तेल चोळायचं. तुम्हाला वाटेल ही बारीकसारीक गोष्ट आहे. पण झोंबणारे हात घेऊन कोणी दिवसातून दहा वेळा साबण लावत नाही, हे कोणत्याही परिचारिकेला विचारा.

पुसण्याचं काय, हा प्रश्न जून ते सप्टेंबर खरा छळतो. ओल्या हातांवरून जंतू कोरड्या हातांपेक्षा सहज पसरतात, आणि दमट नॅपकिनला हात पुसले तर धुतल्याचा निम्मा फायदा तिथेच जातो. जुन्या सुती लुगड्यांचे आणि पंच्यांचे वीतभर चौकोन कापले, कडा दुमडून शिवल्या आणि परडीत घडी करून ठेवले. एकदा पुसायचं आणि खालच्या बादलीत टाकायचं. संध्याकाळी धुऊन स्वयंपाकघरात दोरीवर. बाहेर धो धो पाऊस असला तरी तिथल्या उबेला पातळ सुती कापड सकाळपर्यंत वाळतं. टेरीकॉटचे तुकडे कोणी आणले ते परत केले, ते पाणी टिपत नाहीत.

मग वेळा ठरवल्या. इथे माझा आग्रह असा होता की यादी लहान हवी. दिवसभरातले सगळे प्रसंग लिहून काढले तर बाईंना दुसरं काही करायलाच नको. शेवटी चार राहिल्या: शाळेत आल्यावर, शी-शूचं बघितल्यावर, नाक पुसल्यावर आणि खाऊला हात लावण्याआधी. यातल्या तिसऱ्यावर खूप चर्चा झाली. पावसाळ्यात नाकं सारखीच वाहतात, दर वेळी धुवायचं म्हणजे वर्ग चालणार कसा? बाईंनीच तोड काढली. साडेतीन वर्षांच्या पुढचं मूल स्वतःचं नाक स्वतः पुसू शकतं. मग प्रत्येकाच्या छातीला पिनेने लावलेला स्वतःचा रुमाल परत आला, आमच्या लहानपणी होता तसा. ज्याला जमत नाही त्याचंच नाक बाई पुसतात. त्या वेळेपुरतं, हात मळलेले दिसत नसतील तर, सॅनिटायझर चालेल असंही ठरलं. अल्कोहोल ६० टक्क्यांहून कमी नको आणि बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी नको. शी-शूनंतर आणि खाऊआधी मात्र फक्त साबण-पाणी. करोनानंतर सॅनिटायझरवर लोकांचा फार भरवसा बसला आहे. करोनाच्या विषाणूला चरबीचं आवरण असतं, ते अल्कोहोलने फुटतं. हगवण-उलट्यांच्या नोरोव्हायरसला आणि हात-पाय-तोंडाच्या विषाणूला असं आवरण नाही, त्यांच्यावर अल्कोहोल कमी चालतं. जंतांच्या अंड्यांचंही तेच. ते चोळून, धुऊनच घालवावं लागतं.

किती वेळ चोळायचं, तर वीस सेकंद. घड्याळ कोण बघणार? दोनचा पाढा दोनदा. मोठ्या गटाची मुलं आता बाईंबरोबर मोठ्याने म्हणतात आणि बाईंनी मध्येच हात पाण्याखाली धरले तर "अजून सोळा राहिले!" म्हणून ओरडतात. पाढे लवकर पाठ झाले हा वरचा लाभ.

एवढं सगळं करूनही सुरुवातीच्या उत्साहानंतर धुणं कमी होत गेलं. मी एक तक्ता लावला होता, धुतलं की खूण करायची. तो मी लवकरच काढला. खुणा भरपूर होत होत्या पण साबण तेवढा संपत नव्हता. बाई खोटं लिहीत होत्या असं मी म्हणणार नाही. दिवसाअखेर आठवून खुणा करताना जे करायला हवं होतं तेच आठवतं, कोणाचंही असंच होतं. शिवाय कोणी बघत असलं की माणूस जास्त धुतो आणि पाठ फिरली की नेहमीसारखा वागतो. त्यापेक्षा साबणाची वडी खरं सांगते. महिनाअखेर वडी हातात घेऊन बघायची, एवढंच माझं तपासणं आता आहे.

त्या सुमारास दोन अभ्यास वाचनात आले. बांगलादेशातल्या दोन प्राथमिक शाळांत संशोधकांनी एकही भाषण न देता संडासापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत फरसबंद वाट केली, तिच्यावर पावलांची चित्रं काढली आणि धुण्याच्या जागी हातांचे ठसे. संडासाहून आल्यावर साबणाने हात धुणाऱ्या मुलांचं प्रमाण ४ टक्क्यांवरून दुसऱ्याच दिवशी ६८ टक्क्यांवर गेलं आणि सहा आठवड्यांनंतर ७४ टक्के होतं. दुसरा आंध्र प्रदेशातला, चित्तूर जिल्ह्यातल्या १४ खेड्यांमधला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला. तिथे आजारांची भीती न घालता, मुलांना चांगलं वळण लावणाऱ्या एका आईचं पात्र उभं केलं, किळस आणि माया या दोन भावनांना हात घातला. सहा महिन्यांनी तिथे ३७ टक्के प्रसंगी लोक साबणाने हात धुताना दिसले, जिथे हा उपक्रम नव्हता तिथे ६ टक्के. माझा अनुभव याच्याशी जुळतो. रोगाचं नाव घेतलं की बाई मान डोलावतात; माशांच्या हातांनी बाळाला घ्याल का म्हटलं की उठून तोटीकडे जातात.

मग आम्हीही पावलं काढली. मोठ्या माणसाच्या मापाची, पांढऱ्या ऑइल पेंटने, संडासाच्या दारापासून घडवंचीपर्यंत. आणि घडवंचीच्या वर एक आरसा लावला. आरशाची कल्पना छोट्या गटाच्या बाईंची. त्या म्हणाल्या, सकाळी घाईत आल्यावर एकदा स्वतःकडे बघावंसं वाटतं, अबोलीचा वळेसर सारखा करावासा वाटतो, तर तेवढ्यासाठी तरी तिथे थांबणं होईल. तसंच झालं. आल्याबरोबर धुण्याचा प्रसंग, जो सगळ्यात जास्त चुकत होता, तो आता सगळ्यात पक्का आहे. एवढ्या पोरांच्या धबडग्यात दिवसातून दोन क्षण स्वतःचा चेहरा बघायला मिळणं, हे मला त्या आरशाचं हात धुण्याइतकंच मोलाचं काम वाटतं.

अंगठ्या आणि काकणांबद्दल मी कोणाला काही काढायला सांगितलं नाही. हिरवी काकणं उतरवायला लावणं शोभत नाही आणि जमतही नाही. वर सरकवून मनगट धुवायचं आणि अंगठी फिरवून तिच्या खाली साबण न्यायचा, हे पुरे आहे. नखं मात्र सगळ्यांची बारीक; सोमवारी मुलांची कापताना बाई आपलीही बघतात.

कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तरीही एप्रिलमध्ये सड्यावर टँकर येतो. जांभ्यात पाणी मुरतं आणि उताराने निघून जातं, विहिरी तळ दाखवतात. फेब्रुवारीपासून आम्ही तोटीची धार बारीक करतो. टाकीचं पाणी संपलं तर झाकणाला भोकं पाडलेल्या बाटल्या टांगतो. बाटली तिरकी केली की सरी येतात, अर्ध्या तांब्यात हात नीट धुऊन होतात. पाणी पिण्याच्याच दर्जाचं हवं असंही नाही. विहिरीचं गढूळसर पाणी साबणाबरोबर चालतं, फक्त हातावर ओतलेलं हवं, एकाच बादलीत सगळ्यांनी हात बुडवलेले नकोत.

याने आजार किती कमी झाले ते मी सांगू शकत नाही. एका बालवाडीच्या हजेरीवरून तसं म्हणणं बरोबर होणार नाही. पाळणाघरं आणि शाळांमध्ये झालेल्या अनेक चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा आहे की हात धुण्याला चालना दिली तर जुलाबाचे प्रसंग सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात. सर्दी-खोकल्यातही घट होते पण त्याहून कमी. मला एवढी घट पुरेशी वाटते. शिवाय बाई स्वतः कमी आजारी पडाव्यात, त्यांनी घरच्या तान्ह्याकडे शाळेतला आजार नेऊ नये, हेही त्यात येतं. त्याबद्दल कोणी बोलत नाही.

याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, बोर्डीला, १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना त्यांची. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि ते नाव देशभर गेलं. त्या अंगणात शिकवणारी बाई आजही बहुतेक वेळा एकटी असते. आमच्याकडे निदान एकमेकींना "जरा बघ हं, हात धुते" म्हणता येतं. सड्यावरच्या अंगणवाडीतल्या ताई मला म्हणाल्या की मदतनीस रजेवर असली की सकाळपासून आहार शिजवणं, वाढणं, भरवणं, शी धुणं, सगळं एका हाताने. नळ त्यांच्याकडे नाहीच, पाणी पिंपातून तांब्याने घ्यायचं, आणि एका हाताने तांब्या धरून दुसरा हात धुवायचा तर चोळायचं कशाने?

त्यांच्यासाठी जूनच्या आत एक घडवंची करायची ठरली आहे. पैसे पालकांनी आणि आमच्या बाईंनी मिळून काढलेत. सुताराला मी आमचंच माप द्यायला निघाले होते, तर ताई म्हणाल्या, तेवढी उंच नको. मी भरवते तेव्हा खाली बसलेली असते, मांडीवर एक आणि समोर तीन. बसल्या जागी हात पोचेल अशी तोटी द्या, आणि दांडा पायाने दाबता येईल असा. सुतार म्हणाला, पायाचा दांडा त्याने अजून केलेला नाही, पण लाकूड उरलंय, करून बघू.